गहू न शिवलेली घरघंटी : सिलिअ‍ॅकच्या पथ्यातील अडीच वर्षे

घरघंटी बहुतेक घरांत सोय म्हणून येते; आमच्या घरी ती पथ्य म्हणून आली. चार वर्षांपूर्वी मला सिलिअ‍ॅक असल्याचे निदान झाले, तेव्हा 155 सेंटिमीटर उंचीला माझे वजन 43 किलो होते, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन 8 च्या वर सरकत नव्हते, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या पोटफुगीला व जुलाबांना ‘हिचे पोटच नाजूक’ एवढे एकच स्पष्टीकरण घरात मिळत असे. या विकारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच त्यावरचा उपचार.

वजनाचा प्रश्न पथ्य सुरू झाल्यावर उलट्या बाजूने उभा राहिला. आतडे भरून येऊ लागले, खाल्लेले अंगी लागू लागले, पण भूक आणि हात दोन्ही जुन्या सवयीचेच राहिले. त्यात पोळी सुटल्याची भरपाई मी ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेल्या बिस्किटांनी, पावाने आणि तयार पिठांनी करत होते. त्या पुड्यांच्या मागची बाजू वाचली असती, तर मक्याचा, बटाट्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च, तेल आणि साखर यांपलीकडे फारसे काही दिसले नसते. दीड वर्षात काटा 64 वर गेला. आहारतज्ज्ञ बाईंनी पुडे बंद करायला सांगितले आणि विचारले, ‘तुमच्याकडे भाकरी होत नाही का?’ भाकरी येत होती. अडचण पिठाची होती.

आमच्या गल्लीतील गिरणीत ज्वारी-बाजरीचे जाते वेगळे आहे, आणि गिरणीवाले काका इतके भले की ‘ताई, तुमचे दळण सकाळी पहिले घेतो’ असे ते आपणहून म्हणाले. पण गव्हाचे पीठ तेथे जात्यापुरते थोडेच असते? ते पट्ट्यावर, तराजूवर, भिंतींवर आणि काकांच्या भुवयांवरही असते. रोज 50 मिलीग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते, आणि तेवढे ग्लुटेन जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास गव्हाच्या पिठात असते. तेव्हा 1 अश्वशक्तीच्या मोटरची घरघंटी 19,500 रुपयांना घेतली. कंपनीचे व दुकानाचे नाव देत नाही. या वर्गातील यंत्रांची रचना बहुतांशी सारखीच असते आणि पुढील अनुभव कोणत्याही यंत्राला लागू पडावा.

यंत्र बसवायला आलेल्या तरुणाने वायर जोडली, झाकण उघडले आणि प्रात्यक्षिकासाठी आपल्या पिशवीतून किलोभर गहू काढला. त्याची मूठ यंत्राच्या तोंडाशी पोहोचली असताना मी ‘थांबा’ म्हणून ओरडले. त्याला वाटले, शॉक बसला. नंतर माझ्या डब्यातील तांदूळ दळून प्रात्यक्षिक पार पडले, परंतु जाताना तो म्हणालाच, ‘मॅडम, घरघंटी घ्यायची आणि गहू नाही दळायचा?’ या पथ्यासाठी यंत्र घेणाऱ्यांनी खरेदीच्या वेळीच बजावून ठेवावे, की प्रात्यक्षिकाचे धान्य आमचे राहील आणि दुकानात मांडून ठेवलेले, दळून दाखवलेले यंत्र आम्हाला नको.

दळणाबद्दल समाधान आहे. किलोभर ज्वारीला आठ-नऊ मिनिटे लागतात. भाकरीच्या दृष्टीने मोठा लाभ ताज्या पिठाचा: पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि थापतानाच कडा फाटतात, बाजरीचे तर काही दिवसांत कडवट होते. आता मी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी दर रविवारी दोन किलो आणि बाजरी चार दिवसांपुरतीच दळते. जात्याच्या पिठाचा मऊपणा मात्र याला नाही. येथे पाती धान्य फोडतात, दगड चिरडत नाहीत, त्यामुळे पीठ हाताला किंचित रवाळ लागते. सर्वांत बारीक जाळी लावून आणि पीठ उकळत्या पाण्यात भिजवून ही उणीव बरीचशी भरून निघते. भाजणीसाठी जाड जाळी उत्तम. विकतच्या थालिपिठाच्या भाजणीत अनेकदा गहू असतो आणि डबीतल्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ कालवलेले असते, म्हणून ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद आणि धने घरीच भाजून, पूर्ण निवल्यावर दळते.

यंत्र शुद्ध असले तरी धान्य शुद्ध असतेच असे नाही, हे मला उशिरा उमगले. पहिल्याच महिन्यात पाच किलो ज्वारी परातीत निवडताना गव्हाचे अकरा दाणे सापडले. ते दळणात गेले असते तर विकत घेतलेली सारी शुद्धता तेथेच संपली असती. तेव्हापासून धान्य निवडते, धुते आणि कडक उन्हात वाळवते, कारण ओलसर दाणा जाळीत चिकटून बसतो आणि मोटर गुरगुरू लागते.

वजनाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण विक्रेते ‘ज्वारीने चरबी झडते’ असेही सांगतात. ज्वारीच्या आणि गव्हाच्या 100 ग्रॅम पिठात उष्मांक जवळपास सारखेच, सुमारे 330 ते 350, असतात. माझे वजन अकरा महिन्यांत 64 वरून 58 वर आले ते पुडे सुटल्यामुळे, आणि पोळीसारखी भाकरी तीन-चार सहज खाल्ली जात नसल्यामुळे. एक भाकरी म्हणजे 45 ग्रॅम पीठ, हे मी काट्यावर मोजून ठरवले. दोन वेळेला मिळून तीन भाकऱ्या, जोडीला उसळ किंवा पिठले आणि वाटीभर ताक. आरंभी उसळ पचत नव्हती, म्हणून मोड आलेले मूग मऊ शिजवून थोडेथोडे वाढवले. आतड्याचा विकार असलेल्या माणसाला ‘कमी खा’ हा सल्ला धोक्याचा असतो. माझे हिमोग्लोबिन 11.6 पर्यंत चढत असताना वजन उतरले, यालाच मी पथ्याचे यश मानते.

यंत्राचे दोष किरकोळ नाहीत. आवाज इतका, की वरच्या मजल्यावरच्या आजींनी दुपारचे दळण बंद करायला लावले. पिठाचा धुरळा सांध्यांतून निसटतोच. फरशी ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय सुटका नाही. नाचणीला बारीक जाळी लागते आणि ती मध्येच तुंबते. वर्षभराने तुटलेल्या जाळीसाठी तीन आठवडे फोन करावे लागले. विजेचा खर्च मात्र नगण्य: तासभर चालवले तरी पाऊण युनिट. पाचपैकी साडेतीन तारे देईन, आणि तेही ज्या घरात ‘एकदाच तर दळायचे आहे’ म्हणत कोणी गव्हाचा डबा घेऊन येणार नाही, अशा घरासाठी. आमच्याकडे गेल्या दिवाळीत नणंद चार किलो गहू घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनीच त्यांना गिरणीचा रस्ता दाखवला. यजमानांच्या पोळ्यांचे दळणही अजून तिकडेच जाते.

यंदा देखभालीसाठी आलेल्या कारागिराने पिशवीतून ब्रश काढला, तेव्हा त्याच्या केसांत आदल्या घरचे पीठ अडकलेले दिसले. आता आमचा ब्रश यंत्रामागच्या खिळ्याला टांगलेला असतो आणि येणाऱ्याच्या हाती तोच दिला जातो.