सहा बॉक्सचं बिल, दोन बॉक्सचं हाड

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. पुतण्या अकरा वर्षांचा. क्रिकेट खेळताना साधा घसरून पडला आणि दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. एक्स-रेत हाडाच्या आत काळी पोकळी दिसली. सिंपल बोन सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, कॅन्सर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हाड जुळलं, पोकळी मात्र तशीच राहिली, म्हणून ऑपरेशन ठरलं. आतून खरवडायचं आणि पोकळी भरायची.

भरायला कमरेचं स्वतःचं हाड काढता येतं. त्यात जिवंत पेशी असतात आणि ते विकत घ्यावं लागत नाही, पण दुसरी जखम होते. नाहीतर कॅल्शियम फॉस्फेटचे तयार दाणे मिळतात, जाड्या मिठासारखे. पोराला दोन ठिकाणी कापायला नको म्हणून आम्ही दाणे निवडले. इथवर कुणाचीच चूक नव्हती.

ऑपरेशन चालू असताना खांद्याला बॅग लावलेला एक माणूस ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, बाहेर आला. “पोकळी मोठी निघाली, दाण्यांचे सहा बॉक्स लागले. चौदा हजाराला एक.” चौऱ्याऐंशी हजार! तेही त्याच्याच मोबाइलवर, लगेच. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस मी आदल्या आठवड्यात मिळेल त्या भावाने विकला होता. आई म्हणाली, “पोऱ्यानं हाड शे, पैसा नको देखू.” दिले. पावती साध्या कागदावर, शिक्का नाही, बॅच नंबर नाही.

दीड महिन्याने धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे सगळ्या फिल्म नेल्या. हे दाणे एक्स-रेत पांढरे उठून दिसतात, हे तिथे कळलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची फिल्म उजेडावर धरून त्यांनी पट्टीने पोकळी मोजली. “आठ-नऊ सीसी, म्हणजे तेवढेच मिली, असेल. एका बॉक्समध्ये पाच सीसी असतात. सहा बॉक्स म्हणजे तीस सीसी, दोन मोठे चमचे काठोकाठ. एवढं इथे मावेल कुठे?” मला घाम फुटला. बिलाचा आकडा मी दहादा पाहिला होता, पण हाडातली पोकळी केवढी आणि माल केवढा हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग पहिल्या हॉस्पिटलला केसपेपरच्या नकलेसाठी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेत, असा 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमावलीत नियम आहे. अर्जात तो लिहिला नसता तर “साहेब बाहेरगावी आहेत” हेच ऐकत बसलो असतो. नक्कल आली. बॉक्ससोबत लॉट नंबरचे, म्हणजे बॅच नंबरचेच, स्टिकर येतात, ते ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात. आमच्या पानावर स्टिकर दोनच.

बॅगवाल्याला फोन केला, तर आधी आवाज चढवला. स्टिकरचा फोटो पाठवल्यावर संध्याकाळी चाळीस हजार परत आले, एका शब्दाशिवाय. चोराच्या मनात चांदणं! डॉक्टर त्यात होते का, ते मी सांगू शकत नाही. त्यांनी काम चांगलं केलंय.

तुमच्यावर अशी वेळ आली तर ओटीच्या दारातच रिकामे बॉक्स मागा, त्यांवरची छापील किंमत आणि लॉट नंबर यांचा फोटो काढा, आणि पैसे फक्त पक्क्या बिलावर द्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. उरलेल्या सोळा हजारांसाठी माझा अर्ज लिहून तयार आहे, सोमवारी देतोय.