कंबर-मानदुखीसाठी कायरोप्रॅक्टर की फिजिओथेरपिस्ट?

वाकून जड बादली उचलली आणि कंबरेत उसण भरली, किंवा सकाळी उठताना मान आखडली, की दोन-तीन दिवसांत प्रश्न पडतोच: कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताच्या झटक्याने मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडे, जावं की फिजिओथेरपिस्टकडे? ‘कट्ट’ असा आवाज काढून मणका बसवण्याचे व्हिडिओ बघून काही जण पहिल्याकडे ओढले जातात आणि तेच व्हिडिओ बघून काही जण घाबरतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. हाताने दिलेला झटका दुखणं काही तास, फार तर काही दिवस सैल करतो. त्या मोकळ्या वेळात तुमच्याकडून काय करून घेतलं जातं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून दारावरची पाटी नंतर वाचा. झटक्यानंतरची वीस मिनिटं तो माणूस कशी वापरतो, ते आधी बघा.

आधी चाळणी

लघवी अडते किंवा झालेली कळत नाही, बसण्याच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आलाय, पायातली ताकद दिवसागणिक कमी होतेय, चालताना पाऊल घासतंय: यातलं काहीही असेल तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, कूस बदलूनही रात्रभर न थांबणारी कळ, यांत आधी डॉक्टरांची तपासणी हवी. हाडं ठिसूळ झाली असतील, रक्त पातळ करणारी औषधं किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असतील, तर झटका नको. ऱ्हुमॅटॉइड संधिवातातही नको, कारण त्यात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल झालेले असू शकतात.

मूळ विचारातला फरक

१८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्टला, डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड या ऐकू न येणाऱ्या माणसाच्या पाठीवर पहिलं ‘अ‍ॅडजस्टमेंट’ (मणक्याला हाताने झटका देणं) केलं आणि त्याची श्रवणशक्ती परत आल्याचा दावा केला. त्यातून कायरोप्रॅक्टिकचा सिद्धांत उभा राहिला: मणका जागेवरून किंचित सरकतो, नस दाबतो आणि त्यातून रोग होतात. या सरकण्याला ‘सबलक्सेशन’ म्हणतात. पंच्याण्णव टक्के रोगांचं मूळ इथेच आहे, असं पामर लिहून गेले. हा पाया शरीररचनेशी जुळत नाही. ऐकण्याची नस मेंदूपासून कवटीच्या आतूनच कानाकडे जाते. ती पाठीच्या कण्यातून जातच नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये सांगितलं, की सबलक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि तिच्यामुळे रोग होतात याला संशोधनाचा आधार नाही.

यामुळे या व्यवसायात आज दोन प्रवाह दिसतात. एक कंबर, मान आणि सांध्यांपुरतं काम करतो, पुरावा बघतो, व्यायाम देतो. दुसरा अजून ‘मज्जासंस्थेतला अडथळा काढतो’ म्हणत दमा, बाळाची पोटदुखी, कानातला संसर्ग असं सगळं अंगावर घेतो. या दुसऱ्या दाव्यांना आधार नाही आणि तान्ह्या बाळाच्या मणक्याला हात लावू द्यायचं तर काहीच कारण नाही.

फिजिओथेरपीचा सगळा डोलारा असा एका सिद्धांतावर उभा नाही. हालचाल कुठे अडलीय, कोणता स्नायू कमजोर आहे, वजन कसं पेलता येत नाही, हे बघून भार हळूहळू वाढवत नेणं हे तिचं काम. तिची खोट वेगळी आहे: गर्दीच्या ठिकाणी पंधरा मिनिटं शेक, पंधरा मिनिटं विजेचं यंत्र आणि हातात व्यायामाचा छापील कागद, एवढ्यावरच ती उरकली जाते.

टेबलावर नेमकं काय होतं

कंबरेचं नेहमीचं अ‍ॅडजस्टमेंट कुशीवर झोपवून करतात. दुखरी बाजू सहसा वर, खालचा पाय सरळ, वरचा गुडघा दुमडून त्याचं पाऊल खालच्या गुडघ्यामागच्या खळगीत. मग खालचा खांदा पुढे ओढून धड थोडं मागे वळवतात, म्हणजे पीळ हव्या त्या मणक्यापर्यंत पोचतो. तळहाताची टाच कंबरेच्या सांध्याजवळ टेकते. यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे ढील काढणं. सांध्यात जेवढा सैलपणा आहे तेवढा सावकाश दाबून संपवायचा, श्वास सोडायला सांगायचा आणि श्वासाच्या शेवटी छोटा, जलद झटका द्यायचा. झटका साधारण पाव सेकंदाच्या आतच संपतो आणि सांधा सरकतो तो मिलिमीटरच्या हिशेबात.

बिघडतं ते बहुतेक वेळा ढील काढण्याच्या पायरीत. ढील उरली की झटक्याची ताकद मऊ भागातच जिरते, मग करणारा जोर वाढवतो, रुग्ण अंग आखडतो आणि दुसऱ्या दिवशी बरगड्या किंवा कंबर ठणकते. पीळ जास्त घातला तर दोन मणक्यांमधल्या गादीवर ताण येतो. पायात कळ उतरत असेल तर तो नकोच. जाणकार माणूस झटक्याआधी तुम्हाला त्या स्थितीत दहा-पंधरा सेकंद धरून ठेवतो आणि विचारतो, ‘पायात कळ उतरतेय का? मुंग्या?’ उत्तर ‘हो’ आलं तर तो हात काढून घेतो. हे विचारलंच नाही, तर तुम्ही ‘थांबा’ म्हणा.

आवाज हाडाचा नसतो. सांध्यातल्या वंगणावरचा दाब एकदम उतरला की त्यात विरघळलेला वायू वेगळा होऊन पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा ओढताना ही पोकळी चालू एमआरआयवर टिपली गेली. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं लागतात. आवाज आला की नाही यावर आराम ठरत नाही, आणि आवाज म्हणजे ‘मणका बसला’ असंही नाही. नेम धरलेला मणका सोडून शेजारचाच वाजणं अगदी नेहमीचं आहे. तरीही बरं वाटतं, ते जलद ताणामुळे आखडलेले स्नायू तात्पुरते सैल होतात आणि मेंदूपर्यंत जाणारी वेदना मंदावते म्हणून. हा परिणाम खरा आहे. फक्त तो टिकाऊ नाही.

झटका नको असेल तर कायरोप्रॅक्टरकडे इतर साधनंही असतात. काही टेबलांचा भाग एखादा इंच खाली आदळतो, त्यामुळे कमी जोर लागतो. काहींवर पालथं झोपवून कंबर हलकी वाकवत ताणता येते. पायात कळ असणाऱ्याला ते पिळापेक्षा सोसवतं. स्प्रिंगचं हातातलं यंत्र सौम्य असतं, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

फिजिओथेरपिस्टकडचं चांगलं पहिलं सत्र याहून संथ असतं. तो तुम्हाला पुढे वाकायला, मागे झुकायला लावतो, पालथं झोपून कोपरांवर, मग हातांवर छाती उचलायला सांगतो, दहा वेळा. पायातली कळ आखडत जाऊन कंबरेपाशी गोळा झाली, तर कंबरेचं दुखणं क्षणभर वाढलं तरी ते शुभ लक्षण समजतात. मग हाच व्यायाम दर दोन-तीन तासांनी दहा वेळा. कळ पिंढरीकडे उतरत गेली तर दिशा चुकलीय, व्यायाम बदलायचा. या चाचणीत मणका वाजत नाही, पण घरी काय करायचं ते कळतं. बऱ्याच देशांत फिजिओथेरपिस्टही झटका देतात, तेव्हा झटका हवा म्हणून कायरोप्रॅक्टरच शोधायला हवा असं नाही.

तिसरी पाटी ऑस्टिओपॅथची. तंत्रं बरीचशी तीच, मऊ ऊती आणि हलक्या ताणावर भर जास्त. एक घोळ लक्षात ठेवा: अमेरिकेत ही पदवी घेतलेला माणूस पूर्ण डॉक्टर असतो, शस्त्रक्रियाही करू शकतो, इतर बहुतेक देशांत तो फक्त हाताने उपचार करणारा असतो.

समोरासमोर ठेवून तपासलं तेव्हा

१९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात कंबरदुखीच्या ३२१ जणांना तीन गटांत वाटलं होतं: कायरोप्रॅक्टिक झटके, वर सांगितलेली, कळ कुठे सरकते ते बघून व्यायाम ठरवणारी फिजिओथेरपी (मॅकेन्झी पद्धत), आणि नुसती माहितीपुस्तिका. पहिले दोन गट एकमेकांच्या बरोबरीने सुधारले आणि पुस्तिकेच्या फक्त किंचित पुढे राहिले. दोन वर्षांचा खर्च मात्र पुस्तिकेच्या जवळजवळ तिप्पट. मानेसाठी २०१२ चा एक अभ्यास आहे, २७२ जणांचा. त्यात झटके औषधांपेक्षा सरस ठरले, पण एकेक तासाच्या दोन भेटींत शिकवलेले घरचे व्यायामही झटक्यांच्या जवळपास तेवढेच उपयोगी पडले. दोन भेटी! हा निकाल आम्हाला निवडीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा वाटतो.

मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर आणि झटका हे औषधाआधीचे पर्याय म्हणून दिले. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये हाताचे उपचार मान्य केले, पण व्यायामाच्या जोडीनेच, एकटे नाहीत.

मान वेगळी

कंबर आणि मान यांना एकच माप लावू नका. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या भोकांतून वर चढतात आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तीव्र वळण घेतात. मान वळते त्यातलं जवळजवळ अर्धं वळण याच जागी होतं. जोरात पिळलं तर धमनीचं आतलं अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे दुर्मीळ आहे. त्यात गुंता असा, की अस्तर आधीच फाटलेल्या माणसालाही मानदुखी आणि डोकेदुखीच होते आणि तो त्याच तक्रारीने उपचाराला येतो. म्हणून ‘असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं’ अशी एका बाजूची अचानक मानदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळताना अडकणं, तोल जाणं, यातलं काही असेल तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. उपचारानंतर यातलं काही सुरू झालं तर घरी पडून वाट न बघता थेट रुग्णालयात जा.

मानेसाठी आम्ही सुरुवातीला झटका सुचवत नाही. सांध्याला लयीत हलकं पुढे-मागे हलवणं, खांद्यांमधल्या पाठीला झटका, आणि हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम यांनी बरंचसं काम भागतं.

किती वेळा, आणि थांबायचं कधी

चार ते सहा भेटी, दोन-तीन आठवड्यांत. पहिल्या दिवशी तीन गोष्टी लिहून ठेवा: दुखणं दहापैकी किती, पुढे वाकल्यावर बोटांची टोकं जमिनीपासून किती सेंटीमीटरवर, आणि सलग किती मिनिटं बसवतं. सहाव्या भेटीला दुखण्याचा आकडा निदान दोनने उतरला नसेल आणि बाकीचे दोन हलले नसतील, तर तोच उपचार पुढे रेटण्यात अर्थ नाही. पहिल्या एक-दोन भेटींनंतर दिवसभर अंग ठणकणं नेहमीचं आहे. ते दोन दिवसांत जायला हवं.

आगाऊ पैसे भरून तीस-चाळीस भेटींचं पॅकेज मांडलं जात असेल तर उठून या. दुखणं किती दिवसांत उतरेल हे पहिल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं, मग चाळीस हा आकडा येतो कुठून? पूर्ण पाठीचा एक्स-रे काढून त्यावर रेघा मारणं, किंवा झोपवून ‘एक पाय आखूड’ दाखवणं, हाही विकण्याचाच भाग. एमआरआयमध्ये ‘गादी फुगलीय’ वाचून हबकू नका: काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकीही सुमारे तीस टक्के जणांत तसं दिसतं, ऐंशीत चौऱ्याऐंशी टक्के.

शिक्षण विचारायला लाजू नका. आधी वैद्यकीय शिक्षण नसलेल्याला कायरोप्रॅक्टर व्हायला किमान ४२०० तासांचं शिक्षण हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत म्हटलंय. दोन शनिवार-रविवारच्या शिबिरात ते होत नाही.

मग कुणी कुठे जावं

दुखणं ताजं आहे, कंबरेतच आहे, पाय मोकळा आहे आणि वर दिलेल्या चाळणीत काही अडलं नाही: दोघांपैकी जो व्यायाम शिकवतो आणि लवकर भेटतो, तो चालेल. तीन महिन्यांहून जुनं दुखणं असेल तर फिजिओथेरपिस्ट, तोही यंत्रांपेक्षा व्यायामावर वेळ घालवणारा. पायात कळ उतरत असेल तर आधी तपासणी, मग फिजिओथेरपिस्ट; पीळ देऊन झटका नको. मान असेल तर फिजिओथेरपिस्टच. आणि दर काही महिन्यांनी उसण भरते, झटक्याने दोन दिवसांत मोकळं वाटतं, असा अनुभव असेल तर कायरोप्रॅक्टरकडे जरूर जा, पण त्याच दिवशी चालायला सुरुवात करा आणि एका बाजूच्या कोपरावर अंग उचलून धरणं, हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन विरुद्ध हात-पाय सरळ करणं, हे दोन व्यायाम आठ-दहा सेकंद धरून, दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा, रोज करत राहा. पुढची उसण किती महिन्यांनी भरते तेही लिहून ठेवा; अंतर वाढत नसेल तर झटके घेत राहण्याऐवजी व्यायामाचा भार वाढवून घ्यायला फिजिओथेरपिस्टकडे वळा.