सही करायची, थांबायचं की आधीच सांगून टाकायचं?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या एखाद्या संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, नाव पुकारलं की त्या खेळाडूशी करार करण्याचे हक्क त्या संघाकडे जातात. कॉलेजात खेळणाऱ्या मुलाला मात्र त्या शहरात जायचंच नसलं तर? एक तर संघाच्या हक्कांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे कॉलेजच्या चार वर्षांनंतरच्या १५ ऑगस्टपर्यंत, थांबायचं, नाहीतर लवकर नकार कळवून संघाला ते हक्क दुसऱ्याला द्यायला लावायचे. मुकाट्याने सही करणं हा तिसरा मार्ग, आणि त्याला उगाच कमी लेखलं जातं.

थांबण्याचं ठळक उदाहरण जिमी व्हीसी. नॅशव्हिल प्रेडेटर्सने त्याला २०१२ मध्ये ६६व्या क्रमांकावर घेतलं. हार्वर्डची चारही वर्षं तो खेळला, २०१६ मध्ये कॉलेज हॉकीतला मानाचा होबी बेकर पुरस्कार मिळवला आणि मग नॅशव्हिलला नकार दिला. त्यांनी त्याचे हक्क बफेलो सेबर्सला ड्राफ्टमधल्या तिसऱ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकले. बफेलोलाही तो बधला नाही. १५ ऑगस्ट उलटला, तो मोकळा झाला आणि न्यू यॉर्क रेंजर्सकडे गेला.

यात पैसा वाढत नाही, हे आधी लक्षात घ्या. नवख्यांच्या पगाराला कमाल मर्यादा असते. तेव्हा ती वर्षाला ९ लाख २५ हजार डॉलर होती, बोनस वेगळा. दहा संघ मागे लागले तरी मूळ आकडा तोच. हातात येते ती शहराची निवड. शिवाय बावीस-तेविसाव्या वर्षी पहिला करार तीनऐवजी दोनच वर्षांचा होतो, म्हणजे पुढची बोलणी लवकर. पण नॅशव्हिल पुढच्याच हंगामात स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचलं, आणि २०१९ मध्ये रेंजर्सने व्हीसीला पाठवलं ते नेमकं बफेलोला!

कटर गोतिएने इतकी वाट पाहिली नाही. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सने पाचव्या क्रमांकावर घेतलेला हा खेळाडू बॉस्टन कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षात होता. त्याने फ्लायर्सना नकार कळवला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचे हक्क अनाहाइम डक्सकडे गेले. बदल्यात फ्लायर्सना बचावपटू जेमी ड्रायसडेल आणि दुसऱ्या फेरीची एक निवड मिळाली. दोन वर्षं वाचली, पण कुठे जायचं ते संघांनी ठरवलं. पहिल्या पूर्ण हंगामात त्याने २० गोल केले, आणि फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी त्याची मनसोक्त हुर्यो उडवली.

मला सर्वांत शहाणा वाटतो ॲडम फॉक्स. त्यालाही ६६व्या क्रमांकावरच घेतलं होतं, २०१६ मध्ये, कॅल्गरीच्या संघाने. आपला कल त्याने आधीच कळवला; हक्क आधी कॅरोलायनाच्या संघाकडे गेले, मग २०१९ मध्ये रेंजर्सकडे. न्यू यॉर्क राज्यातल्या जेरिकोचा हा मुलगा हार्वर्डच्या तीन वर्षांनंतर घराजवळच्या संघात पोचला आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेऊन गेला.

म्हणून, विशिष्ट संघच हवा असेल आणि तिथे तुमच्या जागी खेळाडू कमी असतील, तर फॉक्ससारखं आधी कळवा. तक्रार फक्त शहराच्या थंडीची असेल तर सही करा. पहिल्या पाचातल्या खेळाडूने चार वर्षं थांबणं मला तरी महागडं वाटतं. तिसऱ्या फेरीतल्याला ते परवडतं, कारण त्याला एरवीही कॉलेजात पिकायचंच असतं. मात्र सप्टेंबर २०२६ पासून लीग आणि खेळाडू संघटनेचा नवा करार लागू होतो. त्यामुळे १५ ऑगस्टच्या भरवशावर बसण्याआधी तुमच्या ड्राफ्टच्या वर्षाला कोणता नियम लागतो ते सल्लागाराकडून तपासून घ्या.