लॉर्ड जिम: जहाज बुडालं असतं तर हा माणूस सुटला असता

आधीच सांगून ठेवतो, मी काही साहित्याचा प्राध्यापक नाही. यवतमाळ जिल्ह्यात सात एकर वावर आहे, कपाशी, तूर अन् रब्बीत हरभरा, आणि समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला, तोही मुंबईला कामानं गेलो होतो म्हणून. असल्या माणसानं जहाजाची कादंबरी कशाला वाचावी? कारण लाइन. आमच्याकडं शेतीची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि रात्रीच्या आठवड्यात ओलित करायचं म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, दोन-तीन तास बसायचं, परत उठून चिखलात पाइप बदलायचे. त्या मधल्या वेळात माणूस थंडीत काय करणार? रिल्स पाहून पाहून डोकं उठलं होतं म्हणून पुस्तक मागवलं.

मागवलेली प्रत स्वस्तातली, अक्षर मुंगीएवढं, कागद असा की मागच्या पानावरचं पुढं दिसतं. आमच्या पिनकोडवर डिलिव्हरी नाही म्हणून तालुक्याला ओळखीच्या मेडिकलवाल्याचा पत्ता दिला, तिथं ती आठ दिवस खोकल्याच्या औषधांच्या खोक्यावर पडून होती. तुम्ही पैसे नाही घातले तरी चालते. लेखक जोसेफ कॉनरॅड १९२४ ला वारला, कॉपीराइट कधीचाच संपला, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पुस्तक फुकट आहे आणि लिब्रिवॉक्सवर अख्खं वाचून ठेवलेलंही आहे. मी अर्धं बॅटरीच्या उजेडात वाचलं, अर्धं कानात घालून ऐकलं. इंग्रजी जड आहे, खोटं कशाला बोलू, पहिले तीन दिवस डिक्शनरी ॲप उघडं ठेवूनच बसलो होतो.

आता गोष्ट सांगतो, आणि सगळी सांगणार आहे. १९०० सालचं पुस्तक आहे, स्पॉयलर स्पॉयलर म्हणून ओरडू नका.

जिम हा इंग्लंडमधल्या एका पाद्र्याचा पोरगा. लहानपणी समुद्राच्या गोष्टी वाचून वाचून डोक्यात एकच, की आपण वादळात लोकांना वाचवणार, आपण हिरो होणार. मोठा होऊन तो पटना नावाच्या जहाजावर मेट म्हणून लागतो, म्हणजे कॅप्टनच्या खालचा माणूस. जहाज म्हातारं, गंजून पोखरलेलं. त्याच्यात आठशे हज यात्रेकरू, बाया, म्हातारे, लेकरं, डेकवर चटया टाकून झोपलेले. आठशे म्हणजे आमचं अख्खं गाव झालं. आणि बोटी किती? सात. रात्री जहाज पाण्यातल्या कशावर तरी घासून जातं, पुढच्या भागात पाणी भरते, मधली गंजकी लोखंडी भिंत फुगायला लागते, ती फुटली की खेळ खल्लास. वरून वादळ येऊन राहिलं. कॅप्टन आणि इंजिनिअर लोक झोपलेल्यांना न उठवता गुपचूप एक बोट खाली सोडतात. जिम त्यांना हातभार लावत नाही, नुसता उभा राहतो. त्यांच्यातला एक जण तिथंच हार्ट बंद पडून मरते, खालच्यांना ते माहीत नाही, ते बोटीतून त्याच्या नावानं ओरडतात, उडी मार, उडी मार. आणि उडी मारतो जिम.

कशी मारली हे तो पुढं कितीही वेळा सांगायला बसला तरी त्याला सांगताच येत नाही. वर होता, मग खाली होता, एवढंच.

आता खरी गंमत. जहाज बुडतच नाही! ती गंजकी भिंत टिकते. एका फ्रेंच गनबोटीला पटना तरंगत सापडते, ते लोक तिला ओढत एडन बंदरात नेतात, आठशेच्या आठशे जिवंत. आणि हे अधिकारी तिकडं जहाज बुडालं असं सांगून मोकळे झालेले.

इथं मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मोटर चालू असतानाही पाइप बदलायचे विसरलो, एका तुकड्यात तळं साचलं. कारण असं की चार वर्षांआधी मी अन् माझा चुलतभाऊ जागलीला होतो, डुकरांनी तुरीचा सत्यानाश करून टाकला होता म्हणून. त्या महिन्यात भागात वाघाची बोंब होती. भाऊ खोपडीत झोपला होता, माझी पाळी, आणि धुऱ्यापलीकडं तुरीत काहीतरी मोठं, जड हललं. मी गाडीला किक मारली आणि डायरेक्ट गावात. भावाला उठवायचं आठवलंच नाही असं सांगायला मला आवडलं असतं, पण आठवलं होतं. डांबरी रोडला लागता लागता आठवलं होतं अन् तरी गाडी वळवली नाही. गावातून पाच-सहा जण बॅटऱ्या, काठ्या घेऊन परत आलो तर भाऊ खोपडीसमोर शेकोटी करून बिडी ओढत बसलेला. रोही होता, रोही, म्हणजे नीलगाय. भाऊ रागावला असता तर बरं झालं असतं, तो हसला.

म्हणून म्हणतो, ह्या पुस्तकाची किल्ली उडीत नाही, जहाज बुडालं नाही याच्यात आहे. बुडालं असतं तर जिम वाचलेला नशीबवान माणूस राहिला असता, लोकांनी चहा पाजून विचारलं असतं, बापा काय भोगलं तुम्ही. मी ज्याला भिऊन पळालो तो खरंच वाघ असता तर मी मदत आणायला गेलेला शहाणा माणूस ठरलो असतो. जे झालंच नाही ते माणसाला उघडं पाडते.

पुढं चौकशी बसते. बाकीचे फरार किंवा दवाखान्यात, जिम एकटा हजर राहतो आणि सगळं खरं सांगतो, त्याचं सर्टिफिकेट जाते. कोर्टाच्या दारात कोणीतरी पायात आलेल्या एका भिकार कुत्र्याला पाहून काहीतरी म्हणते आणि जिमला वाटते आपल्यालाच म्हटलं, तो भांडायलाच उठतो. चोराच्या मनात चांदणं. मला हा प्रसंग इतका पटला की अंगावर काटा आला, कारण पानठेल्यावर कोणी नुसतं रोही हा शब्द जरी काढला तरी मी अजून मान खाली घालतो. त्यानंतर जिम बंदरा-बंदरात वॉटर-क्लार्कची नोकरी करत फिरतो. म्हणजे जहाज दिसलं की सगळ्यात आधी होडी घेऊन कॅप्टनपर्यंत पोचायचं, आमच्या दुकानातून सामान घ्या म्हणून, आपल्याकडं कापसाची गाडी मार्केटच्या गेटला लागायच्या आधी दलालाचा पोरगा आडवा येतो ना, अगदी तसंच काम. मुंबई, कलकत्ता, रंगून, पिनांग, बटाव्हिया. प्रत्येक ठिकाणी कामात एक नंबर, आणि कोणी पटनाचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी बोरियाबिस्तर गोळा. त्याला निदान पुढचं बंदर होतं. आमच्या इथं कुठं जाणार, वावर काय खांद्यावर टाकून नेता येते?

चौकशीतली दोन माणसं मात्र मला जिमपेक्षा जास्त आवडली, ते म्हणजे सुकाणूवरचे दोन मलाय खलाशी. अधिकारी पळाले आणि हे दोघं चाक धरून तसेच उभे. कोर्टात एकाला विचारलं तुला काय वाटलं, तो म्हणतो काहीच नाही वाटलं. दुसरा म्हणतो गोरे लोक मरायच्या भीतीनं जहाज सोडतील असं डोक्यातच आलं नाही, काहीतरी गुपित कारण असेल. कॉनरॅड त्यांना दोन-चार वाक्यं देतो अन् परत जिमकडं वळतो, आणि त्या आठशे लोकांपैकी तर एकाचंही मन आपल्याला कळत नाही. एवढी मोठी कादंबरी त्यांना सोडून जाण्याबद्दल आहे आणि लेखकही त्यांना डेकवरच सोडून जातो, हे मला खटकलं ते खटकलंच.

गोष्ट सांगायची पद्धत वेगळी आहे, म्हणून बरेच लोक मध्येच सोडतात. पहिली चार प्रकरणं साधी सरळ, पाचव्यापासून मार्लो नावाचा एक कॅप्टन रात्री व्हरांड्यात बसलेल्या मंडळींना सगळं सांगायला लागतो, आणि तो काही सरळ सांगत नाही, मध्येच दुसऱ्याची गोष्ट, मग पाच वर्षं मागं, मग तिसऱ्याकडून ऐकलेलं. सवय नसली तर डोकं फिरते. पण आपल्याकडं हिवाळ्यात शेकोटीजवळ म्हातारे कशी गोष्ट सांगतात आठवा, कोणाच्या बैलापासून सुरू होऊन तिसऱ्याच गावातल्या लग्नावर जाते आणि बरोबर फिरून परत येते. एवढं लांब एका बैठकीत कोणी बोलते काय, अशी टीका तेव्हाही झाली होती, तर कॉनरॅडनं नंतर प्रस्तावनेत लिहिलं की मार्लोचं बोलणं मोठ्यानं वाचलं तर तीन तास पण लागणार नाहीत. बापा, मला पूर्ण पुस्तकाला दोन रात्रपाळ्यांचे आठवडे लागले! ह्याच भागात ब्रायर्ली नावाचा एक कॅप्टन येतो, जिमची चौकशी करणाऱ्यांत बसलेला, नावाजलेला, आयुष्यात कधी चूक नाही. निकालानंतर थोड्याच दिवसांत तो स्वतःच्या जहाजावरून समुद्रात उडी टाकून जीव देतो. का, ते पुस्तक धड सांगत नाही. मी दोन दिवस त्याचाच विचार करून राहिलो होतो.

आणि हे हवेतलं नाही. १८८० साली जेद्दा नावाचं जहाज सिंगापूरहून नऊशेच्या वर यात्रेकरू घेऊन निघालं होतं, कॅप्टन आणि अधिकारी त्यांना सोडून पळाले, दुसऱ्या जहाजानं त्यांना एडनला आणलं तर सांगितलं जहाज गेलं, आणि मागून जेद्दा ओढत ओढत त्याच बंदरात हजर. त्याच्यातला मेट विल्यम्स पुढं सिंगापूरलाच वॉटर-क्लार्क झाला. कॉनरॅड स्वतः पोलंडचा माणूस, वयाच्या विशीत इंग्रजी शिकला, त्याच पूर्वेच्या समुद्रांत जहाजांवर नोकरी केली. परक्या भाषेत असं लिहिलं म्हणजे मानलं पाहिजे.

दुसरा अर्धा भाग मात्र मला तेवढा नाही भावला. श्टाइन नावाचा फुलपाखरं जमवणारा एक जर्मन व्यापारी जिमला पाटुसान नावाच्या आत नदीकाठच्या गावात पाठवतो, जिथं पटनाचं नाव कोणी ऐकलेलं नाही. तिथं तो दोन तोफा टेकडीवर चढवून गावाच्या दुश्मनाला हाकलतो, लोक त्याला तुआन जिम म्हणायला लागतात, म्हणजे जिमसाहेब, लॉर्ड जिम. ज्वेल नावाची बायको मिळते, डेन वॉरिस म्हणून सरदाराचा पोरगा जिवाभावाचा दोस्त होतो. हे थोडं राजा-राणीच्या गोष्टीसारखं होते, गोरा माणूस आला आणि गाव सुधरलं असं. वाचून पानं पलटवत होतो, पहिल्या भागासारखं काळीज नव्हतं धरलं.

पण ब्राउन आला की परत पकड बसते. हा समुद्री चाचा, भुकेला, नदीत अडकलेला, आणि बोलता बोलता जिमला विचारतो की अंधारात स्वतःचा जीव वाचवायची वेळ आली तर दुसरे मेले का जगले कोण पाहते? त्याला पटनाबद्दल काही म्हणजे काही माहीत नाही, असाच अंदाजे दगड मारतो आणि तो नेमका लागतो. जिम त्याला सुखरूप जाऊ द्या म्हणतो, काही झालं तर माझा जीव घ्या असा शब्द गावाला देतो. ब्राउन जाता जाता मागच्या वाटेनं येऊन डेन वॉरिसला गोळी घालतो. आणि जिम, ज्याला आता पळायला नदी आहे, माणसं आहेत, बंदुका आहेत, तो पळत नाही. चालत दोस्ताच्या बापासमोर जाऊन उभा राहतो, आणि म्हातारा त्याच्या छातीत गोळी घालतो.

हे मी भावाला ओलित करताना सांगत होतो. उडीपर्यंत आलो तसा म्हणाला, "अबे हा त तुह्यावानीच हाये!" शेवट ऐकून मात्र काही बोलला नाही, बिडी विझवली, म्हणाला चाल पाइप बदलवू. चार वर्षांत पहिल्यांदा रोह्यावरून काही बोलला नाही.

घरी मायला सांगितलं तर तिला पटना-बिटनाचं काही नाही. तिनं एकच विचारलं, "मंग त्या पोरीचं काय झालं?" मी म्हटलं, ती त्याला जाऊ नको म्हणून रडत होती, भांडत होती, तो गेला, ती आता त्या श्टाइनच्या घरी राहते. माय तांदूळ निसता निसता म्हणाली, "म्हंजे इकडूनबी तो उडी मारूनच गेला ना. त्यानं तिले इचारलं होतं काय?"

मी लय विचार केला, पण मायला उत्तर नाही देता आलं. पाचपैकी चार स्टार. एक त्या पोरीसाठी कापला.