दीड वर्ष ९३६ ची नक्कल, मग आठ महिने टी-१२: सोल्डरिंग स्टेशनचा माझा अनुभव

आधीच सांगतो, मी काही रिपेअरवाला नाही. दिवसा ऑफिस, रात्री जेवण झालं की गॅलरीतल्या टेबलावर हा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा उद्योग. शेजाऱ्यांचे एलईडी बल्ब, रिमोट, टीडीए२०३० चिपचे छोटे ॲम्प्लिफायर, कधी ईएसपी३२ या वायफाय बोर्डची खटपट. बरीच वर्षं २५ वॅटची साधी सोल्डर गन होती (गन कसली, टोक तापणारा सरळ दांडा, पण सगळे गनच म्हणतात). ती तापली की तापतच राहते, दहा मिनिटं बाजूला ठेवली की टिप (टोक) काळी ठिक्कर आणि सोल्डर (वितळवून जोडायचा धातू) पाण्यासारखं गळून पडतं.

म्हणून पुण्यात तपकीर गल्लीतून ९३६ या तापमान नेमता येणाऱ्या सोल्डरिंग स्टेशनची नक्कल आणली. मूळ ९३६ हाको या जपानी कंपनीचं, ते कधीच बंद झालं, पण त्याच्या नकला अजून ढिगाने मिळतात आणि हेच मला आवडलं, कारण टिप, हँडल, हीटर सगळं कुठल्याही दुकानात सापडतं. आत जाडजूड ट्रान्सफॉर्मर, २४ व्होल्ट, एक छोटा बोर्ड, बस. डिस्प्ले नाही, फक्त नॉब. वर्षभर काहीच तक्रार नव्हती. मग एक दिवस लाइट लुकलुकायला लागला, हँडल वाकवलं की गरम, सरळ धरलं की थंड.

इथे एक गोष्ट शिकलो ती सांगतो, पुष्कळ लोक या स्टेजला अख्खं स्टेशन भंगारात टाकतात. स्टेशन पूर्ण थंड होऊ द्या, पाच पिनांचा प्लग काढा आणि मल्टिमीटर लावा. हीटरच्या दोन पिनांत साधारण ३ ओहम, सेन्सरच्या दोन पिनांत पन्नासच्या आसपास, आणि उरलेली पिन ते टिप दोन ओहमच्या आत, ती अर्थ. हे मूळ डिझाइनचे आकडे. मी मीटर लावून वायर हलवत गेलो, हँडलच्या मागे जिथे रबर संपतो तिथे बोट दाबलं की सेन्सरचं रीडिंग गायब. वायर आतून तुटलेली, वरून एकदम नवी. दोन इंच कापली, परत जोडली. आता सोल्डरिंगचं यंत्र जोडायला सोल्डर कशाने करणार, तर तीच जुनी २५ वॅटची काढली माळ्यावरून. बायको म्हणाली, "टाकून दे म्हणत होतास ना?"

दुसरी वेळ मात्र माझीच चूक. हीटर गेला, दुकानात गेलो, काउंटरवरचा म्हणाला "सगळे सेमच असतात साहेब", मी पण मान डोलावली. घरी येऊन बसवला, चालू केलं, अर्ध्या मिनिटात टिप लालभडक! बंद करून मीटर लावला तर नव्याचा सेन्सर दोनच ओहम. जुना होता सिरॅमिक, त्याचा सेन्सर तापला की रेझिस्टन्स वाढतो. नव्यात थर्मोकपल, तो तापला की रेझिस्टन्स नाही, बारीकसा व्होल्टेज देतो. दोन ओहम दिसले की बिचाऱ्या बोर्डला वाटतं अजून थंडच आहे, तो दाबून करंट देत राहतो. तर हीटर घ्यायला जाताना जुना खिशात आणि मीटर पिशवीत, दुकानदाराला राग आला तरी चालेल.

आठ महिन्यांपूर्वी टी-१२ प्रकारच्या टिपचं एक चायनीज स्टेशन घेतलं. यात हीटर, सेन्सर आणि टिप एकाच काडीत. ओहम बघितले तर आठच्या आसपास, म्हणजे २४ व्होल्टवर बहात्तर वॅट. आठ-दहा सेकंदात तयार, ९३६ मध्ये तेवढ्या वेळात मी खुर्ची सरकवत असायचो. ग्राउंडचा जाड पट्टा असला तरी सोल्डर लगेच वितळतं, तापमान ३२० ते ३४० अंशांच्या वर न्यावंच लागत नाही (६३/३७ कथील-शिशाचं सोल्डर १८३ ला वितळतं, लोक उगाच ४०० लावून बोर्डवरचे तांब्याचे पॅड उचकटतात). हँडल खाली ठेवलं की स्वतः झोपतं, उचललं की जागं.

पण एक भानगड होती. टिप बोर्डला लावताना बोटाला बारीक झिणझिण्या यायच्या. मीटर लावला, टिप ते पाण्याचा नळ, शंभरच्या वर व्होल्ट. करंट अगदी कमी पण मॉसफेटसारखा नाजूक ट्रान्झिस्टर मारायला तेवढा पुरे. झालं असं की आतल्या एसएमपीएसचा (मेन्सवरून २४ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) फिल्टर अर्थ नसेल तर मेन्सचा अर्धा व्होल्टेज टिपपर्यंत आणतो. माझ्या खोलीतल्या सॉकेटला तीन भोकं आहेत पण अर्थला वायरच नाही, जुन्या बिल्डिंगींत हे सर्रास. वर स्टेशनची बॉडी पण अर्थला जोडलेली नव्हती, स्क्रू होता पण पेंटवरच घट्ट बसवलेला. पेंट खरवडला, स्क्रू परत कसला, इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची वायर ओढून घेतली, मग झिणझिण्या बंद. तुमच्याकडे काहीही असो, अर्थची पिन ते टिप कंटिन्युइटी बघा, बीप नाही आला तर वापरू नका.

टिपच्या बाबतीत लोक पॉलिश पेपरवर घासतात, ते बंद करा. तांब्यावर लोखंडाचा पातळ थर असतो, तो गेला की तांबं सोल्डरमध्ये विरघळून टिपला खड्डा पडतो. पितळेची जाळी वापरा, आणि बंद करण्याआधी टिपला सोल्डरची कल्हई करून ठेवा. कल्हईवाले आता दिसत नाहीत, पण माझी आजी भांडं आरशासारखं चमकत नाही तोवर त्याला पैसे द्यायची नाही, तोच नियम इथे. टोकदार टिप पहिल्याच आठवड्यात बाजूला पडली, सगळं काम २.४ मिलिमीटरच्या चपट्या टिपवर.

बजेट असेल तर हाको एफएक्स-८८८डी, मित्राकडे वापरलंय, त्याला कटकट नाही. माझ्यासारखं स्वतः उघडायची खाज असेल तर नक्कल चालेल, फक्त ट्रान्सफॉर्मरवाली घ्या आणि पहिल्याच दिवशी झाकण काढून अर्थ बघा. ९३६ आता भाच्याला दिलंय, परवा त्याचा फोन आला, "मामा, हँडल हलवलं की लाइट लुकलुकतो."