सेकंडहँड डिझेल काँक्रीट लाइन पंप, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

साताऱ्याच्या आसपास तीन-चार मजली बिल्डिंगची कामं घेतो. आधी प्रत्येक स्लॅबला पाइपलाइनमधून काँक्रीट वर ढकलणारा पंप भाड्याने आणायचो आणि ऐन सकाळी, सगळे कामगार येऊन उभे, आणि फोन येणार की पंप दुसऱ्या साइटवर अडकलाय, असं चार-पाच वेळा झाल्यावर एक जुना ट्रेलरवाला डिझेल पंप घेतला, एस व्हॉल्व्हचा, म्हणजे दोन सिलिंडरमधला माल आळीपाळीने लाइनमध्ये सोडणारा एस आकाराचा पाइप हॉपरमध्ये (माल ओतायच्या टाकीत) असलेला. आधी दोन मालकांकडे राबलेला आहे त्यामुळे हा नव्या मशीनचा रिव्ह्यू समजू नका.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जागा. जुन्या पेठेतल्या बोळात बूम पंप (गाडीवर घडीचा लांब हात असलेला) वळतच नाही, आम्ही पंप रस्त्यावर उभा केला आणि १२५ एमएमची लाइन बोळातून नेऊन जिन्याच्या कडेने वर चढवली. पाइप जोडायला वेळ जातो हे खरं, पण एकदा लाइन पक्की बांधली की डोक्यावरून पाट्या नेण्यापेक्षा कितीतरी लवकर आणि एकसारखा माल पडतो.

आता त्रासाचं. पंप मालावर, म्हणजे काँक्रीटवर चालतो, नुसत्या इंजिनवर नाही. २० एमएम खडी, स्लम्प (माल किती सैल आहे त्याचं माप) १०० ते १५० एमएमच्या मध्ये आणि वाळू पुरेशी असेल तर काही बघावं लागत नाही. पण माल घट्ट दिसला की कोणीतरी मिक्सरमध्ये पाइप धरून पाणी मारतं, मग खडी वेगळी, पाणी वेगळं आणि पहिल्याच बेंडला जाम. काँक्रीट पाठवणाऱ्या प्लांटवाल्याला "पंपाचा माल" असं आधीच सांगा आणि साइटवर पाणी मारू देऊ नका. सुरुवातीला सिमेंटची स्लरी सोडल्याशिवाय कोरड्या लाइनमध्ये माल ढकलू नका.

मे महिन्यात एकदा काँक्रीटची पुढची गाडी पाऊण तास आलीच नाही, लाइन उन्हात तापलेली, आणि जाम बसला. हेल्पर लगेच पाइपच्या जोडावरच्या क्लॅम्पवर हातोडा मारायला निघाला, ऑपरेटर ओरडला म्हणून थांबला. आत प्रेशर असताना क्लॅम्प उघडला तर पाइप आणि खडी माणसाला जीवे मारू शकते. आधी रिव्हर्सचे दोन-तीन स्ट्रोक, प्रेशर उतरल्याची खात्री, मगच क्लॅम्प. जाम कुठे आहे ते पाइपवर ठोकून कळतं, माल बसलाय तिथे आवाज बसका येतो. तेव्हापासून उन्हाळ्यात लाइनवर ओली गोणपाटं टाकतो आणि गाडी लांबली तर दर थोड्या वेळाने एक-दोन स्ट्रोक पुढे-मागे करत राहतो.

धुणं हे खरं मेंटेनन्स. ६० मीटर लाइनमध्ये पाऊण घनमीटरच्या आसपास माल राहतो, तो कुठे उतरवायचा हे आधी ठरवा. आम्ही स्पंज बॉल टाकून पाण्याने काढतो, कॉम्प्रेसरची हवा वापरत नाही, बॉल आणि माल गोळीसारखा सुटतो. हॉपर, एस पाइप हाताने धुवायचा तर इंजिन बंद आणि प्रेशर शून्य, त्याशिवाय जाळीखाली हात घालू देत नाही.

वॉटर बॉक्स, म्हणजे हायड्रॉलिक आणि मालाचे सिलिंडर यांच्यामधली पाण्याची पेटी, रोज बघतो. पाणी राखाडी व्हायला लागलं म्हणजे पिस्टनचे रबर गेले, तेलकट तवंग आला म्हणजे हायड्रॉलिकचं सील. एकदा राखाडी पाण्याकडे दुर्लक्ष करून आठवडाभर चालवला आणि सिलिंडरला ओरखडे पडले, खर्च रबराच्या कितीतरी पट. कटिंग रिंग (एस पाइपच्या तोंडावरची कडी) आणि वेअर प्लेट (ती जिच्यावर घासते ती प्लेट) यांच्यात फट वाढली की माल मागे हॉपरमध्ये सुटतो, तीही वेळेत बदला.

पाचपैकी चार देतो, एक कापला तो डिझेल आणि पाइप वाहतुकीसाठी. महिन्याला एखादाच स्लॅब असेल तर भाड्याचाच परवडेल. जुना बघायला गेलात तर रंग बघू नका, पंप चालवायला सांगा आणि वॉटर बॉक्सचं झाकण स्वतः उघडून घ्या, मग पाइप वाजवून, जमलं तर जाडी मोजून बघा, बेंडच्या बाहेरच्या वळणावर पत्रा सगळ्यात लवकर झिजलेला असतो.