कोल्हापूर विमानतळ : बिल्डिंग पाच स्टार, रनवे तीन स्टार

उजळाईवाडीच्या विमानतळाबद्दल ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, की बाबा कसं आहे, मुंबईला विमानानं जावं का रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी बिल्डिंग. नवीन टर्मिनलचं उद्घाटन 10 मार्च 2024 ला झालं, पंतप्रधानांनी ऑनलाइन केलं, त्याच दिवशी पुण्याच्या नव्या टर्मिनलचंही झालं. आणि खरं सांगतो, दिसायला लई भारी झालंय. सगळीकडं काचेचे डबे उभे करायची फॅशन असताना इथं दगडी कमानी केल्यात, आत शिरताना वाड्यात आल्यासारखं वाटतं, बाहेरगावचा पाहुणा आधी फोटो काढतो मग बॅग उतरवतो. साईज छोटी, 3900 चौरस मीटर, गर्दीच्या तासाला 500 माणसं धरून बांधलेली. छोटं असल्याचा फायदा असा की गाडीतून उतरून गेटपर्यंत पोचायला काही वेळच लागत नाही, मुंबई एअरपोर्टसारखं चालून चालून पाय दुखत नाहीत.

रनवेकडं यायच्या आधी थोडा इतिहास. बऱ्याच जणांना वाटतं हा विमानतळ उडान योजनेत, म्हणजे छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा द्यायच्या केंद्र सरकारच्या योजनेत झाला. अहो, हा छत्रपती राजाराम महाराजांनी करून घेतलेला, 5 जानेवारी 1939 ला सुरू झालेला! शाहू महाराजांचे चिरंजीव, 1940 मध्ये गेले ते, म्हणजे जायच्या दोनेक वर्षं आधी त्यांनी माळावर विमान उतरवायची सोय करून ठेवली. भारत स्वतंत्र व्हायला तेव्हा अजून आठ वर्षं होती. आणि पुढं आपण काय केलं? विमान सुरू, विमान बंद, परत सुरू, परत बंद. किंगफिशरचं मुंबई विमान होतं ते 2011 च्या सुमारास थांबलं आणि नंतर कितीतरी वर्षं तिथं नियमित प्रवासी विमान नव्हतं. एप्रिल 2018 मध्ये उडानमधून एअर डेक्कननं 19 सीटचं छोटं विमान मुंबईला सोडलं, तेही टिकलं नाही. नंतर ट्रूजेट आली, 2022 मध्ये ती कंपनीच बसली.

हे सारखं का होतं, तर माझ्या मते दोन कारणं. उडानमध्ये ठरावीक सीटा तासाभराच्या प्रवासाला साधारण 2500 रुपयांच्या आसपास द्यायच्या आणि कंपनीला जो तोटा होईल तो सरकारनं तीन वर्षं भरून द्यायचा, असं गणित होतं. तीन वर्षं संपली की खरी परीक्षा. दुसरं म्हणजे मुंबईत विमान उतरवायला चांगली वेळच मिळत नाही, आणि भर दुपारी मुंबईत पोचणारं विमान घेऊन शिरोलीचा फौंड्रीवाला करणार काय? त्याला सकाळी जाऊन मीटिंग करून रात्री घरी जेवायचं असतं. तसं विमान कायमचं मिळालं तर सबसिडी लागणारच नाही.

तिरुपतीचं मात्र वेगळं. इंडिगोनं 2019 ला तिरुपती विमान सुरू केलं तेव्हा लोक म्हणाले कोण जाणार. अरे, बालाजी करून आला की अंबाबाईचं दर्शन घ्यायचं ही किती जुनी रीत, नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो, ही लाइन चालणारच होती. इथून विमानं सोडणारी स्टार एअर कंपनी तर आपल्या घोडावत ग्रुपचीच, त्यामुळं तिच्याबद्दल थोडं झुकतं माप आहे माझं, माफ करा.

आता रनवेला तीन स्टार का ते सांगतो. रनवे आधी फक्त 1370 मीटर होता, आता 1930 मीटर झालाय, नाइट लँडिंगची सोयही आली. एटीआर आणि एम्ब्रेअर ही छोटी विमानं आरामात उतरतात. पण मोठं एअरबस भरून न्यायचं तर एवढी लांबी कमी पडते, त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, उन्हाळ्यात हवा गरम झाली की विमानाला उडायला आणखी जास्त धाव लागते. शेजारी बेळगावला 2300 मीटर आहे, तिथं मोठं विमान उतरतं. आपल्याकडंही तेवढाच करायचं ठरलंय, पण विषय जमिनीवर येऊन अडतो, आणि ज्याचं शेत जाणार त्याला नीट मोबदला द्या की, तो काय वेडा आहे का फुकट द्यायला. माझं म्हणणं एवढंच, की कमानींवर खर्च केला तो बरा केला पण रनवे आधी व्हायला पाहिजे होता. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि गाव तुटलं, तेव्हा उंचावरच्या या माळाची किंमत कळायला हवी होती.

जायचं कसं तर शहरातून रिक्षा किंवा कॅब, शिवाजी विद्यापीठाच्या पुढं शाहू नाक्याकडून उजळाईवाडी, ट्राफिक नसेल तर अर्धा तास पुष्कळ. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. पावसाळ्यात ढग खाली आले की छोटी विमानं उशीर करतात किंवा रद्द होतात, तेव्हा पुढची कनेक्टिंग फ्लाइट चिकटून काढू नका. आणि मागच्या वर्षी मित्र गेला होता म्हणून ते विमान अजून असेलच असं धरू नका, तिकीट काढायच्या दिवशीच टाइमटेबल बघा.